मालवणचें प्रवाळ व दप्तरांतील पोंवळें

मालवणचा सिंधुदुर्ग सन 1812 च्या तहानें इंग्रजांकडे गेला. तोंपर्यंत तो करवीरकरांच्या ताब्यांत होता, आणि त्याच्या भोंवतालच्या खडकांवर प्रवाळ वाढतें. या दोन गोष्टी जोडून, जुन्या यादींत पोंवळ्यांची माळ आढळली कीं ती मालवणच्याच समुद्रांतली, असें ठरविण्याचा मोह आम्हां कोल्हापूरकरांस सहज होतो. शाहूपुरींत व गुजरींत हा समज आमच्या कानीं अनेकदां आला आहे. तो तपासला पाहिजे. कारण तो खरा मानल्यास एका मोठ्या व्यापारी मार्गाचा पुरावा हातचा जातो.

मालवणचें प्रवाळ झाडासारखें दिसलें तरी प्राणी आहे. असंख्य चिमुकले जीव समुद्राच्या पाण्यांतील चुना घेऊन आपलें घर बांधितात, आणि पिढ्यानुपिढ्या घरांवर घरें चढून खडक तयार होतो. त्यांच्या देहांत सूक्ष्म शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न निर्माण करून यजमानास पुरवितें. म्हणून उष्ण, स्वच्छ व उजेडाच्या पाण्यावांचून हे जीव खडक रचूं शकत नाहींत. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें 100 किलोमीटरवर समुद्रांत बुडालेला एक उंचवटा कान्होजी आंग्र्यांच्या नांवानें ओळखला जातो. त्याचा माथा पाण्याखालीं सुमारें 20 मीटरच आहे, म्हणून तेथेंही प्रवाळ नांदतें. परंतु या जातींचा रंग बहुधा जिवंत देहांत व शैवालांत असतो. प्राणी मेला कीं मागें पांढरा, सच्छिद्र चुना उरतो. त्याचा लाल मणि कोण घडविणार?

जव्हेऱ्याचें तांबडें पोंवळें निराळें. त्याचा सांगाडाच घट्ट व लाल. त्यांत शैवाल नसल्यानें तें अंधाऱ्या कपारींतही वाढतें, आणि उष्ण समुद्रांतील खडक रचणाऱ्यांत त्याची गणना नाहीं. त्याचें प्रसिद्ध माहेर भूमध्य समुद्र होय.

अमरसिंहानें वैश्यवर्गांत मोत्यापाठोपाठ विद्रुम व प्रवाल हे शब्द दिले आहेत. प्रवाल म्हणजे कोंवळी पालवीही, आणि विद्रुमांत तर द्रुमच बसला आहे. याबद्दल कोणी हंसूं नये. पेसोनेल या फ्रेंच वैद्यानें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत प्रवाळाचीं 'फुलें' प्राणी असल्याचें कळविलें, तेव्हां पॅरिसच्या पंडितांनींही तें मानलें नाहीं.

कौटिलीय अर्थशास्त्रांत पोंवळ्याचे आलकंदक व वैवर्णिक असे भेद आहेत. आलकंदक म्हणजे अलेक्झांड्रियाचें, असें सिल्व्हाँ लेव्ही यांनीं सुचविलें, व त्यावरून ग्रंथाच्या काळाविषयीं वाद माजला. एका नांवावर एवढा भार घालणें आम्हांस धाडसाचें वाटतें. पण माल पश्चिमेकडून येई, हें त्या नांवावांचूनही सिद्ध आहे. पेरिप्लसमध्यें भडोचच्या आयातींत पोंवळें आहे, आणि रोमनांस जशीं हिंदी मोतीं तसें हिंदी लोकांस पोंवळें मोलाचें, असें प्लिनी सांगतो. येथील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ति त्याच पश्चिम व्यापाराची खूण होय.

हा ओघ पुढेंही आटला नाहीं. इटलींतील लिव्होर्नो येथील एर्गास व सिल्व्हेरा ही यहुदी पेढी (1704 ते 1746) भूमध्य समुद्रांतील पोंवळें लिस्बनमार्गें गोव्यास धाडी व मोबदल्यांत हिरे घेई. तिचे गोव्यांतील अडत्ये सारस्वत कामत होते. ना धर्म एक, ना राजा एक, ना परस्परांची भेट. तरी केवळ पत्रांच्या भरंवशावर हा व्यवहार चाले. पेढीचीं 13,000 हून अधिक पत्रें फ्लॉरेन्सच्या सरकारी दप्तरांत आहेत. त्यांच्या आधारें फ्रान्सेस्का त्रिव्हेलातो यांनीं 2009 मध्यें मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

तो इतिहास मुख्यतः लिव्होर्नोच्या बाजूनें लिहिलेला आहे. आमच्या संग्राहकांपैकीं ज्यांच्याजवळ गोवा, सावंतवाडी अथवा घाटावरील सावकारी वह्या असतील, त्यांनीं पोंवळें हा शब्द येईल तेथें वजन, भाव, मिती व माल कोणाकडून आला तें नांव, एवढें मुळाबरहुकूम उतरून या त्रैमासिकाकडे पाठवावें.