वल्ह्यापासून टर्बोपर्यंत : मिरकरवाड्याच्या बोटींतल्या उष्णतेचा इतिहास

आजचा विषय थोडा आडवळणाचा आहे. कोकणातल्या मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास आपण बहुतेक वेळा तीन आकड्यांत ऐकतो : किती बोटी, किती अश्वशक्ती, किती टन मासळी. हे आकडे महत्त्वाचेच आहेत. पण आम्ही आज चौथी गोष्ट मोजायला घेतली आहे, ती म्हणजे उष्णता. इंजिन आलं तेव्हा बोटीत ताकद आली, हे सगळे सांगतात. त्या ताकदीच्या जवळजवळ दुप्पट उष्णता त्याच बोटीत आली आणि तिला कुठे घालवायचं हा प्रश्न सत्तर वर्षं सुटता सुटलेला नाही, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आधी थोडा हिशोब. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची १८९७ साली आउग्सबुर्गला जी प्रसिद्ध चाचणी झाली, तिच्यात इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला आली. त्या काळातल्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हा चमत्कार होता. आजचं बोटीतलं साधं डिझेल इंजिन त्यापुढे गेलंय, ढोबळ मानाने ३५ टक्क्यांच्या आसपास धरा. म्हणजे टाकीत शंभर रुपयांचं डिझेल ओतलं तर पस्तीस रुपये पंख्याला मिळतात. (बोटीचा पंखा म्हणजे पाण्यातला, प्रॉपेलर.) उरलेल्यातले तीसेक रुपये धुराबरोबर जातात आणि जवळपास तेवढेच थंड करणाऱ्या पाण्यात. राहिलेले पाचेक रुपये इंजिनाच्या अंगातून सरळ आजूबाजूच्या हवेत उतरतात. आजची आपली गोष्ट प्रामुख्याने या शेवटच्या पाच रुपयांची आहे.

मिरकरवाडा कुठे आहे हे रत्नागिरीकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. रत्नदुर्गाचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे, त्याच्या आडोशाला, मांडवीला लागून ही वस्ती आणि हे बंदर. शिडाच्या काळात इथून मचवे, पडाव, होड्या निघायच्या. दाल्दी, खारवी, भोई अशा समाजांची ही किनारपट्टी. त्या बोटींत उष्णतेचा उगम एकच, भाताची चूल. खलाशी तापायचा तो उन्हाने, आणि त्यावर वारा होताच.

गंमत अशी, की इंजिनाच्या उष्णतेशी कोकणी माणसाची ओळख त्याच्या स्वतःच्या बोटीत झाली नाही, ती परक्याच्या जहाजावर झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या आगबोटींवर जात होते. पण ते मोठ्या प्रमाणात वरच्या डेकवर. खाली भट्टीपाशी कोळसा ओढणारे 'आगवाले' बरेचसे पंजाब आणि सिल्हेटकडचे असत. तांबड्या समुद्रातून जाताना या भट्टीघरात माणसं बेशुद्ध पडायची. म्हणून त्या जहाजांच्या डेकवर मोठ्या कर्ण्यासारखी तोंडं बसवलेली असत, वारा पकडून खाली सोडायला. जुन्या छायाचित्रांत ती हमखास दिसतात. ते कर्णे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

मुंबई इलाख्यात यांत्रिक मासेमारीचा एक प्रयोग १९२१-२२ मध्ये झाला. 'विल्यम कॅरिक' नावाची वाफेवरची ट्रॉलर मुंबईजवळ चालवून पाहिली. त्यातून किनाऱ्यावरच्या मच्छीमाराच्या हाती काही आलं नाही. खरा बदल स्वातंत्र्यानंतरचा. १९५२ साली केरळातल्या इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पाचा करार झाला. इकडे मुंबई राज्यातही शिडाच्या बोटींत इंजिनं बसवण्याचं काम त्याच दशकात जोर धरू लागलं. आपल्याकडच्या बोटी पूर्व किनाऱ्यावरच्या कट्टुमरमसारख्या ओंडक्यांच्या नव्हत्या. त्या खोल, रुंद, फळ्यांच्या होत्या, त्यामुळे आत इंजिन बसवायला जागा होती. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली उभी राहिली होती, तेव्हा देशी डिझेल इंजिनही आवाक्यात येऊ लागलं होतं.

सुरुवातीची इंजिनं लहान, दहा-वीस-तीस अश्वशक्तीची. ती थंड करायची सर्वांत सोपी रीत म्हणजे समुद्राचं पाणी आत घ्यायचं, इंजिनातून फिरवायचं, बाहेर सोडायचं. केवढा मोठा रेडिएटर फुकट मिळाला, असं वाटेल. फुकट नव्हता. समुद्राचं पाणी पन्नास-साठ अंशांच्या पुढे तापलं की त्यातले क्षार पाइपांत धरू लागतात, किटलीत धरतात तसे. म्हणून अशा इंजिनांना मुद्दाम थंड ठेवावं लागायचं. डिझेल इंजिन खरं तर ऐंशी अंशांच्या आसपास सुखात चालतं. थंड ठेवलं की डिझेल जास्त खातं, सिलिंडर लवकर झिजतो. म्हणजे पहिल्या पिढीचा नाखवा उष्णतेच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी अडकला होता : तापवलं तर क्षार, न तापवलं तर खर्च.

त्यावरचे दोन उपाय जगभर होते तेच इथे आले. एक, इंजिनात गोडं पाणी बंदिस्त फिरवायचं आणि नळ्यांच्या एका डब्यात ते समुद्राच्या पाण्याने थंड करायचं. दुसरा, गोड्या पाण्याचा पाइपच बोटीच्या बुडाखालून फिरवून आणायचा. दुसऱ्यात समुद्राचं पाणी आत येतच नाही, म्हणून गाळाचा त्रास कमी. मिरकरवाड्याला गाळ हे जुनं दुखणं आहे, त्यामुळे ही बाब इथे किरकोळ नाही. पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचं चाक असतं. ते गाळाच्या पाण्याने झिजतं, आणि पाणी ओढायच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चिकटली तर कोरडं फिरून थोड्याच वेळात फाटतं. मग भर समुद्रात इंजिन तापतं.

आता मुख्य मुद्द्यावर येऊ.

पुढच्या दशकांत बोटी मोठ्या झाल्या आणि अशोक लेलँडसारखी मुळात ट्रकसाठी घडलेली इंजिनं बोटींत उतरली. हा फार शहाणपणाचा निर्णय होता, हे आधी कबूल करू. ट्रकचं इंजिन म्हणजे सुटे भाग कुठल्याही शहरात, दुरुस्ती करणारा मिस्त्री कुठल्याही हमरस्त्यावर. पण ट्रकचं इंजिन बोटीत घालताना पहिल्यांदा काय काढतात? रेडिएटर आणि पुढचा पंखा. बरोबरच आहे, थंड करायला समुद्र आहे. मात्र ट्रकवर तो पंखा दोन कामं करत होता. एक रेडिएटरचं, ते सगळ्यांना दिसतं. दुसरं न दिसणारं : इंजिनाच्या अंगावरून, तापलेल्या धुराच्या नळीवरून, तेलाच्या डब्यावरून तो सतत वारा ढकलत होता. शिवाय ट्रक स्वतः पळत असतो, त्याचा वारा वेगळाच. बोटीत हे दोन्ही गेले. पाण्यातली उष्णता समुद्राने घेतली. ते पाच रुपये मात्र लाकडी खोलीत कोंडले गेले.

पाच रुपये म्हणजे किती? १२० अश्वशक्तीचं इंजिन भर जोरात चालत असेल तर दहा-बारा किलोवॉट. न्हाणीघरातले पाच-सहा गिझर एका लहान बंद खोलीत एकदम चालू ठेवा, तेवढं. जोरात चालणाऱ्या इंजिनाचा धूर चारशे-पाचशे अंशांचा असतो. खास बोटीसाठी तयार केलेल्या इंजिनात धूर जमा करणाऱ्या बिडाच्या नळीभोवती पाणी खेळवलेलं असतं. ट्रकच्या इंजिनाचं स्वस्तात रूपांतर केलं की ती नळी कोरडीच राहते. मग तिच्यावर काय गुंडाळायचं? बरीच वर्षं उत्तर होतं अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी. ती उष्णता उत्तम अडवते आणि तिचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९५ सालचा आहे. तो कारखान्यांतल्या कामगारांपुरता वाचला गेला. बोटीच्या पोटात बसून तीच दोरी सोडणारा आणि गुंडाळणारा मिस्त्री कुणाच्या मोजणीत असणार? आता फायबरग्लासची पट्टी मिळते, तीच वापरावी.

इथे एक शेजारचं उदाहरण देतो, तरुण मंडळी बसली आहेत म्हणून. पुण्या-मुंबईत स्पोर्ट्स कार घेऊन तिच्यात मोठा टर्बो बसवणारे हौशी लोक आहेत. त्यांनाही हीच अडचण येते. बॉनेटखालची जागा तीच, ताकद दीडपट, मग वायरी वितळतात आणि इंजिन गरम हवा ओढतं. दहा अंशांनी हवा तापली की ती सुमारे तीन टक्के विरळ होते, तेवढा प्राणवायू कमी. ते काय करतात? धुराच्या नळीला पट्टी गुंडाळतात, टर्बोला टोपी घालतात, हवा ओढायचं तोंड बाहेर नेतात, बॉनेटला झरोके पाडतात. चारही उपाय मिरकरवाड्यातल्या बोटीला जसेच्या तसे लागू आहेत. फरक इतकाच, की हौशी माणसाची गाडी तापली तर तो बाजूला थांबतो.

बोटीत या उष्णतेच्या शेजारी काय असतं, तेही पाहा. इंजिनाच्या खोलीला लागून अनेक बोटींत मासळीचा खण असतो, बर्फ भरलेला. मध्ये एक भिंत. समजा ती भिंत दोन इंच जाडीच्या लाकडाची, सहा चौरस मीटरची. एका बाजूला ४५ अंश, दुसऱ्या बाजूला बर्फ, शून्य अंश. शाळेतलं गणित केलं तर भिंतीतून आठशे वॉटच्या आसपास उष्णता आरपार जाते, आणि दिवसभरात ती दोनशे किलोच्या घरात बर्फ वितळवते. त्याच भिंतीला चार इंच थर्माकोल लावला तर हाच आकडा वीस-बावीस किलोवर येतो. कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्षात भिंतीलगतची हवा, ओल, फटी यांनी तो थोडा इकडेतिकडे होईल, पण दहापटीचा फरक राहतोच.

आता हा हिशोब बाजारात नेऊ. चार-पाच दिवसांच्या फेरीत भिंतीलगतची मासळी आधी मऊ पडते. बांगडा, तारली यांसारखी तेलकट मासळी तर ऊब लागली की फारच लवकर बिघडते. लिलावात ती खालच्या भावाने जाते. नाखवा म्हणतो बर्फ कमी पडला, पुढच्या खेपेला जास्त लाद्या भरतो. बर्फ कारखान्याचं बिल वाढतं, त्या जादा वजनाला डिझेल वाढतं. वाटा काढताना हा सगळा खर्च आधी वजा होतो, म्हणजे खलाशाच्या वाट्यालाही कात्री लागते. भिंतीला थर्माकोल नाही याची किंमत अशी वाटली जाते, आणि हिशोबाच्या वहीत तिचं नाव 'बर्फ' असं पडतं. आमच्या मते यांत्रिकीकरणाच्या इतिहासातला हा सर्वांत दुर्लक्षित खर्च आहे.

पर्ससीन जाळ्यांनी यात पुढचा टप्पा आणला. ट्रॉलरला ओढ लागते, पर्ससीनला माशांच्या थव्याला घेरायला वेग लागतो. आणि पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा एक जुना नियम आहे : ताकद दुप्पट केली तरी वेग फार तर एक चतुर्थांशाने वाढतो. उष्णता मात्र दुप्पट होते. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर तर मोठी चिनी इंजिनं आली आणि ताकदीची शर्यतच लागली. आपल्याकडे पर्ससीनवर वाद झाला, सोमवंशी समितीचा अहवाल आला, ५ फेब्रुवारी २०१६ चा शासन आदेश निघाला. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचं भांडण मासळीसाठ्याचं आहे आणि ते खरंच आहे, त्यात आज शिरत नाही. फक्त एवढं नोंदवतो, की अश्वशक्तीची चर्चा झाली ती 'किती मासा उपसला' या अंगाने. त्या अश्वशक्तीच्या शेजारी बसणाऱ्या माणसाची चर्चा वेगळी झाली नाही.

तो माणूस म्हणजे बोटीवरचा ड्रायव्हर. तांडेल वर सुकाणूवर असतो, हा खाली उतरून तेल बघतो, पट्टे बघतो, पंपाला हात लावून तापलाय का पाहतो. घाम येतो पण हवा दमट आणि कोंडलेली, घाम सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. त्यात धुराच्या नळीचा एखादा जोड गळत असेल तर त्याला वास येतो, डोकं दुखतं, आणि तो ते उन्हावर ढकलतो. डिझेलची नळी फुटून फवारा त्या कोरड्या बिडावर पडला तर काय होईल हे सांगायला नको. लाकडाच्या बोटीत आधी काळं पडलेलं लाकूड दिसतं. फायबरच्या बोटीत राळ आधी मऊ पडते आणि ते दिसत नाही, त्यामुळे नव्या बोटींत जास्त जपावं लागतं.

आता ते आगबोटीवरचे कर्णे आठवा. शंभर वर्षांपूर्वी, कोळसा ओढणाऱ्या माणसाची किंमत फार न करणाऱ्या कंपन्यांनीसुद्धा वारा खाली नेण्याची सोय केली होती, कारण माणूस पडला तर वाफ पडत होती. डिझेल इंजिन तसं नाही. माणूस वर येऊन बसला तरी ते चालत राहतं. म्हणूनच बोटीच्या रचनेत वाऱ्याची वाट मागे पडली, असं आम्हाला वाटतं. एक झाकण उघडं ठेवायचं एवढीच सोय. झाकण एकच असलं तर हवा आत कुठून येणार आणि बाहेर कुठून जाणार? दोन तोंडं लागतात : थंड हवेचं खाली, इंजिनाच्या बुडापाशी सुटणारं, आणि गरम हवेचं वर, शक्यतो धुराच्या नळीभोवती, म्हणजे नळीची उष्णताच हवा वर ओढून घेते. त्याला वीजही लागत नाही. पत्र्याचे दोन पाइप आणि वेल्डरचं दिवसभराचं काम.

शिक्षणाची सोय झाली नाही असं नाही. मच्छीमार बोटींचे ड्रायव्हर घडवणारी केंद्रीय संस्था कोचीला १९६३ पासून आहे, शिरगावचं आपलं मत्स्य महाविद्यालय १९८१ चं. राज्याच्या योजना पाहिल्या तर नौकांचं यांत्रिकीकरण, डिझेलवरच्या विक्रीकराची प्रतिपूर्ती, सहकारी बर्फ कारखाने अशी नावं सापडतात. म्हणजे इंजिनाला, इंजिनाच्या खाण्याला आणि वितळणाऱ्या बर्फाला नावानिशी मदत आहे. त्या दोघांच्या मधल्या भिंतीचं नाव कुठल्याच मथळ्यात नाही.

१ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात. तेव्हा मिस्त्रींना उसंत नसते : इंजिन उघडायचं, रिंगा, नोझल, शाफ्ट, रंग, जाळ्यांची डागडुजी. पैसे आधी ज्याच्याशिवाय बोट सुटत नाही त्याला जातात. भिंतीचा थर्माकोल आणि हवेचे दोन पाइप नसले तरी बोट सुटते. ते यादीत शेवटी असतात, आणि ऑगस्ट उजाडतो.