वेल्डिंगचा धूर आणि वेल्डरची छाती

शाळेच्या रस्त्यावर खिडक्यांच्या जाळ्या बनवणारे एखादे दुकान असतेच. तिथे ठिणग्या उडू लागल्या की 'तिकडे बघू नका' असे आपण मुलांना बजावतो. डोळ्यांची काळजी आपल्याला ठाऊक आहे. तिथून उठणाऱ्या करड्या धुराबद्दल मात्र आपण सहसा बोलत नाही. तसे पाहिले तर या तंत्राचा इतिहासही बराच काळ त्याबद्दल गप्पच होता.

विजेच्या आर्कने लोखंड जोडण्याची पद्धत रशियन संशोधक निकोलाय बेनार्दोस यांनी १८८० च्या दशकात प्रचारात आणली. अडचण अशी होती की वितळलेले लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेई आणि जोड ठिसूळ होई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्कर शेलबर्ग या स्वीडिश अभियंत्याने वेल्डिंगच्या रॉडवर खनिजांचा लेप दिला. तो जळताना वायू निर्माण होतो आणि हवेला जोडापासून दूर ठेवतो. जोड मजबूत झाले. पण लेप जळू लागल्याने वेल्डरच्या नाकाशी येणाऱ्या धुरात भर पडली. धातूला हवेपासून वाचवण्याचा विचार आधी झाला, माणसाला धुरापासून वाचवण्याचा कितीतरी नंतर.

हा धूर म्हणजे काजळी नव्हे. आर्कच्या उष्णतेने धातूची वाफ होते, ती थंड होताना ऑक्साइडचे कण बनतात. बहुतेक कण एक मायक्रोमीटरहूनही लहान असल्याने थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जोडताना तर हे फारच वेगाने घडते. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते, जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळते! म्हणजे लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी जस्ताची वाफ झालेली असते.

या धुराने येणारा ताप पितळ ओतणाऱ्या कामगारांना एकोणिसाव्या शतकातच माहीत होता. हार्वर्डचे फिलिप ड्रिंकर आणि त्यांचे सहकारी यांनी तो प्रयोगाने तपासला. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत दोन निरोगी माणसांनी जस्ताच्या ऑक्साइडचा धूर हुंगला आणि काही तासांनी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. लागोपाठ दुसऱ्या दिवशी हुंगल्यास त्रास कमी होतो, हेही दिसले. ही सहनशक्ती सुट्टीच्या दिवशी ओसरते, म्हणून तापाचा जोर सोमवारी! सवय झाली म्हणजे धोका टळला, अशी समजूत यातूनच बळावत असावी.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रिव्हेटऐवजी वेल्डिंगने जहाजे बांधली जाऊ लागली. जहाजाच्या तळाच्या बंदिस्त कप्प्यांत वेल्डर तासन्‌तास काम करत. तेव्हा याच ड्रिंकर यांच्याकडे गोद्यांमधल्या आरोग्याची जबाबदारी आली. १९४३ मध्ये गोद्यांसाठी सुरक्षिततेचे किमान नियम ठरले.

ब्रिटनमध्ये डॉइग आणि मॅक्लॉक्लिन या डॉक्टरांना १९३६ मध्ये वेल्डरांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत डाग दिसले होते. ते लोहकणांचे होते. काम सुटल्यावर ते विरळ होतात, असे त्यांनीच १९४८ मध्ये दाखवले. निरीक्षण अचूक होते. पण त्यातून 'हा धूर निरुपद्रवी' असा निष्कर्ष काढणे घाईचे होते. चित्रात लोह दिसते, कर्करोगाची सुरुवात दिसत नाही. शिवाय स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम आणि निकेलही असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये वेल्डिंगचा धूर 'कदाचित कर्करोगकारक' मानला होता. २०१७ मध्ये तिच्या तज्ज्ञांनी तो निश्चित कर्करोगकारकांच्या गटात घातला. मग २०१९ मध्ये ब्रिटनच्या सुरक्षा यंत्रणेने साध्या पोलादाच्या वेल्डिंगलाही केवळ खेळती हवा पुरेशी नाही, असे जाहीर केले.

नाकावर बांधलेल्या रुमालाची वीण या कणांपेक्षा कित्येक पटींनी मोठी असते. दूध प्यायल्याने छाती साफ होते असेही ऐकायला मिळते. पण दूध जाते पोटात. कणांसाठीचा चांगला मुखवटाही ओझोन आणि नायट्रोजन डायॉक्साइड हे आर्कभोवती तयार होणारे वायू अडवत नाही. म्हणून धूर जिथे उठतो तिथेच तो नळीने ओढून घेणे सर्वांत चांगले.

नळी नसेल तेव्हा निदान वाऱ्याची दिशा तरी सांभाळावी. हे वर्गात दाखवता येते. टेबलावर उदबत्ती लावून एका मुलाला तिच्यासमोर उभे करा. पंखा त्याच्या पाठीमागून लावला तर शरीरापुढे हवेचा भोवरा होतो आणि धूर चेहऱ्याकडे ओढला जातो. तोच पंखा बाजूने लावून पाहा.