एकच फिशिंग रॉड घ्यायचा असेल तर कोणता? रॉडवरचे आकडे असे वाचा

‘८ फूट, एमएच, १०–४० ग्रॅम, पीई १–२.५, ३०टी कार्बन, फास्ट.’

शॉपिंग ॲपवर फिशिंग रॉड शोधला की अशी एक ओळ दिसते. फोनच्या बॉक्सवरचं रॅम, प्रोसेसर, एमएएच आपल्याला झोपेतही वाचता येतं, पण इथे बहुतेक जण थेट किंमत आणि रेटिंगचे तारे बघून ऑर्डर करतात. मग वाशी-बेलापूरच्या खाडीवर दोन रविवार जाऊन रॉड माळ्यावर जातो. आज आपण ही एक ओळ नीट उलगडून बघू. नवी मुंबईच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी चालेल असा एक रॉड कोणता, तेही ठरवू.

आधी एक कबुली. माझा पहिला रॉड बारा फुटी टेलिस्कोपिक होता. रीळ, दोरी, गळ, डबी सगळं एकत्र असलेलं ‘कॉम्बो किट’. किती वजन फेकायचं हे त्यावर कुठेच छापलेलं नव्हतं. मी शिशाचा मोठा गोळा बांधला आणि तिसऱ्या फेकीला रॉडचा वरचा तुकडा शिशासकट खाडीत गेला. शेजारी एक काका प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस हातानेच सोडून गरवत बसले होते. त्यांच्या पिशवीत तोवर चार शिंगाळे होते. मासे मिळायला रॉड लागतोच असं नाही, हे त्या दिवशी कळलं. रॉड कशासाठी लागतो, हे कळायला मात्र आणखी वेळ गेला.

रॉड नेमकं करतो काय?

रॉड ही एक स्प्रिंग आहे. फेकताना टोकाला बांधलेल्या वजनामुळे तो मागे वाकतो, त्यात ऊर्जा साठते आणि सरळ होताना ती वजनाला पुढे ढकलते. मासा लागल्यावर हीच स्प्रिंग उलटं काम करते. माशाचे झटके ती शोषून घेते, म्हणून दोरी तुटत नाही आणि गळ तोंडातून निसटत नाही.

म्हणून त्या ओळीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ग्रॅमचा. ‘१०–४० ग्रॅम’ म्हणजे टोकाला बांधलेल्या सगळ्या गोष्टी, म्हणजे शिसं, गळ, आमिष किंवा ल्यूर मिळून एवढ्या वजनाच्या असाव्यात. या रॉडवर ५ ग्रॅमचं ल्यूर बांधलं तर रॉड वाकणारच नाही आणि ल्यूर समोरच पडेल. ८० ग्रॅम बांधून जोरात फेकलं तर माझ्यासारखं होईल. काही रॉडवर हे औंसात असतं. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम.

‘एमएच’ ही पॉवर. यूएल, एल, एमएल, एम, एमएच, एच अशी चढती भाजणी आहे. एल म्हणजे हलका, एम मध्यम, एच जड. पण गंमत अशी की याचं सगळ्या कंपन्यांना लागू असं एकच मोजमाप नाही. एका कंपनीचा ‘एम’ दुसऱ्या कंपनीचा ‘एमएच’ असू शकतो. त्यामुळे अक्षर आणि ग्रॅम यांचा मेळ बसत नसेल तर ग्रॅमवर विश्वास ठेवा. ज्या रॉडवर ग्रॅम छापलेलेच नाहीत, तो घेऊ नका.

‘फास्ट’ ही ॲक्शन, म्हणजे रॉड कुठून वाकतो ते. याचा पॉवरशी संबंध नाही, पण दोन्हींची गल्लत फार होते. फास्ट रॉडचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग वाकतो, मॉडरेट अर्ध्यापर्यंत वाकतो आणि स्लो जवळजवळ मुठीपर्यंत. फास्टमध्ये माशाचा बारीक ठोकाही हाताला कळतो आणि गळ पटकन रुततो. मॉडरेट-फास्ट चुका पोटात घालतो. पहिल्या रॉडला मी मॉडरेट-फास्ट सुचवेन.

‘पीई’ हा वेणीच्या दोरीच्या जाडीचा आकडा. पीई १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, पीई २ म्हणजे साधारण ०.२३५ मिलिमीटर. आकडा जाडीचा आहे, ताकदीचा नाही. तुटण्याची ताकद पाकिटावर पाउंडात वेगळी छापलेली असते.

आणि ‘३०टी’? हा रॉडमधला मेगापिक्सेल समजा. टी म्हणजे कार्बनच्या धाग्याचा ताठपणा. आकडा जितका मोठा तितका रॉड हलका आणि ताठ करता येतो, पण असा धागा ठिसूळही असतो. दगडावर आपटलेला किंवा गाडीच्या दारात सापडलेला ४०टी रॉड पुढच्या मोठ्या माशाला मोडतो. सुरुवातीला कार्बन आणि ग्लास फायबर मिसळलेला रॉड घेण्यात काहीच कमीपणा नाही. थोडा जड असतो, पण मार खातो.

आपल्या पाण्याला काय लागतं?

रॉड ठरवण्याआधी समोरचं पाणी बघा. ठाणे खाडी आणि पनवेल खाडी दोन्ही गढूळ, गाळाच्या, भरती-ओहोटीच्या. काठाला तिवरांची झाडी, मध्ये जेट्ट्या आणि खारबंदिस्तीचे बांध. मासे म्हणाल तर शिंगाळा, बोय, तांब, काळुंदर, कधी रावस, आणि ज्याच्यासाठी लोक रात्र-रात्र जागतात तो जिताडा.

पनवेल-पेण-उरण पट्ट्यात जिताड्याचं काय स्थान आहे हे कुठल्याही आगरी घरात विचारा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की हा मासा दबा धरून बसतो. बांधाच्या कडेला, जेट्टीच्या खांबांपाशी, ओहोटीचं पाणी जिथून जोरात बाहेर पडतं तिथे तो असतो आणि गळ लागला की थेट खांबांत किंवा मुळांत घुसतो. त्याला पहिल्या काही सेकंदांत वळवता आलं पाहिजे, नाहीतर खेळ संपला. म्हणून अगदी हलका रॉड इथे उपयोगाचा नाही. दुसरीकडे, तो अनेकदा १५–२५ ग्रॅमच्या ल्यूरला किंवा जिवंत बोयीला येतो, त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावरचा १०० ग्रॅम फेकणारा सोटाही नको.

लांबीचंही तसंच. मागे झाडी असेल तर सात फुटी बरा, कारण मागे हात न्यायला जागाच नसते. उरणच्या पिरवाडीसारख्या उघड्या किनाऱ्यावर लाटांच्या पलीकडे फेकायला नऊ-दहा फूट लागतात. जेट्टी आणि बांध या दोन्हींसाठी आठ फूट मधला.

तर माझं उत्तर असं: आठ फुटी, दोन तुकड्यांचा स्पिनिंग रॉड, मीडियम किंवा मीडियम-हेवी, १०–४० ग्रॅमच्या आसपास, मॉडरेट-फास्ट किंवा फास्ट. त्यावर ३००० किंवा ४००० साइजचं रीळ, २० पाउंडाची वेणीची दोरी आणि पुढे जवळपास एक मीटर ३०–४० पाउंडाचा नायलॉनचा लीडर. लीडर गाळू नका. जिताड्याचं तोंड खरखरीत असतं आणि कल्ल्यावरचं झाकण पात्यासारखं धारदार. उघडी वेणी तो सहज कापतो. तुमची बोटंसुद्धा, म्हणून कल्ल्यात हात घालू नका.

दोन तुकडेच का? आठ फुटी रॉडचा अर्धा भाग सुमारे १२२ सेंटिमीटर, म्हणजे पाठीवर घेऊन लोकलमध्ये चढता येतं. टेलिस्कोपिक बॅगेत मावतो हे खरं, पण त्याचा प्रत्येक सांधा हा कच्चा दुवा असतो आणि त्या सांध्यांत खारं पाणी आणि रेती जाऊन बसते.

पैशांचं म्हणाल तर सगळा खर्च रॉडवर करू नका. एकूण पाच हजार असतील तर निम्मे रीळला द्या. खाऱ्या पाण्यात आधी बाद होतं ते रीळच.

दुकानात हातात घेऊन बघताना

कापसाचा बोळा किंवा इअरबड खिशात ठेवा. रॉडच्या प्रत्येक रिंगच्या आतून तो फिरवायचा. धागे अडकले तर रिंगला चीर आहे आणि ती दोरी कापणार. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल, बघू दे. साध्या मऊ धातूच्या रिंगांत वेणीची दोरी हळूहळू खाचा पाडते, म्हणून आत सिरॅमिकची कडी असलेल्या रिंगा हव्यात. मग दोन्ही तुकडे जोडून रॉड हलवा. सांध्यात टकटक आवाज आला तर दुसरा मागा. रीळ लावून मुठीपाशी तोल बघा. दोन तास हातात धरायचा आहे, दोन मिनिटं नाही.

घरी आल्यावर रीळचा ड्रॅग लावा. ड्रॅग म्हणजे माशाने ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढलं की दोरी सोडणारा ब्रेक. तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. २० पाउंड म्हणजे ९ किलो, तर ड्रॅग साधारण अडीच ते तीन किलो. घरातला बॅग मोजायचा लटकता काटा दोरीला बांधून हळू ओढायचं. एवढं केलंत तर दोरी तुटल्याच्या अर्ध्या गोष्टी घडणारच नाहीत.

रॉड बहुतेक वेळा माशाने मोडत नाही, आपण मोडतो. मासा जवळ आल्यावर रॉड उभा मागे खेचला की सगळा भार टोकावर येतो. गळ तळाला अडकला तर रॉडने हिसके देऊ नका. रॉड दोरीच्या रेषेत सरळ धरा, हाताला फडकं गुंडाळा आणि दोरीच ओढा.

हे मात्र वगळून वाचू नका

कार्बन वीजवाहक आहे. आठ फुटी कार्बन रॉड उभा धरलात की तुम्ही आठ फुटी तार हातात धरली आहे असं समजा. खाडीच्या काठाने उच्च दाबाच्या तारा जातात, आणि लोकलच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तारेला टेकायचीही गरज नाही, पुरेसं जवळ गेलं तरी झटका बसू शकतो. स्टेशनवर, पुलावर, प्लॅटफॉर्मवर रॉड कायम सुटा करून पिशवीत ठेवायचा. तारांखाली फेकायचं नाही. मान्सूनच्या आधी आणि परतीच्या पावसात ढग गडगडले की रॉड खाली ठेवून निघायचं, मासा लागलेला असला तरी. ग्लास फायबरचा रॉड ओला असेल तर तोही सुरक्षित धरू नका.

दुसरी गोष्ट भरती. उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. ओहोटीत चालत गेलेली वाट भरतीत राहत नाही आणि गुडघाभर गाळात पळता येत नाही. भरतीचं ॲप फोनमध्ये ठेवाच. रेंज नसेल तर कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. खाडीत आत जावं तशी ही वेळ थोडी पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला ओढ कमी. नवख्याने सुरुवात त्याच दिवसांत करावी.

जागेचंही बघा. ठाणे खाडीतला एक मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही. तिथे गळ टाकायचा नाही. उरण-न्हावा बाजूला बंदर, नौदल आणि तेलाच्या प्रकल्पांच्या हद्दी आहेत. दिवाळे, सारसोळे किंवा वाशीगावच्या जेट्टीवर गेलात तर आधी तिथल्या कोळी बांधवांना विचारा. त्यांच्या होड्यांची ये-जा आणि लावलेली जाळी तुम्हाला दिसत नाहीत, त्यांना माहीत असतात. तुटलेला तंगूस तिथेच टाकून येऊ नका. तो पक्ष्यांच्या पायात अडकतो.

आणि तो रीलमधला फ्लाय रॉड?

हिमाचलच्या नदीत उभं राहून दोरीचे सुंदर वळसे काढणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तो रॉड वेगळ्याच तत्त्वावर चालतो. आपण वजन फेकतो आणि दोरी मागून जाते. फ्लाय म्हणजे पिसांचा आणि धाग्यांचा किडा, त्याला वजनच नसतं. म्हणून तिथे जाड, जड दोरीच फेकतात आणि किडा तिच्यामागून जातो. त्यामुळे रॉडवर ग्रॅमऐवजी दोरीचा नंबर असतो. ५ नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम, ८ नंबरचं साडेतेराच्या पुढे.

ट्राउटसाठी सगळीकडे चालणारा रॉड म्हणजे नऊ फुटी, ५ नंबरचा, चार तुकड्यांचा, मध्यम-फास्ट. ब्रिटिशांनी १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये आणि नंतर कुलूकडे ट्राउट आणून सोडले. थंड, वाहतं पाणी लागत असल्याने आपल्याकडे ते नाहीत. हाच ५ नंबरी रॉड खाडीच्या वाऱ्यात आणि जिताड्यापुढे कमी पडतो. इथे फ्लायच करायचं असेल तर ८ नंबर घ्या, आणि फेक आधी एखाद्या मोकळ्या मैदानात शिका.

तिर्थन खोऱ्यात जाणार असाल तर हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउटचा बंदीकाळ असतो, त्यामुळे डिसेंबरच्या मनाली ट्रिपला रॉड घरीच ठेवा.