रमाबाईंच्या घरातल्या बायका

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळातल्या एक वयस्क भगिनी वाण घेता घेता म्हणाल्या, “मंडळ वगैरे सगळे ठीक आहे गं, पण बाईच बाईची वैरीण असते हे काही खोटे नाही.” सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येऊन भांडी आवरताना ते वाक्य मनातून जाईना. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी “इतिहासातले काहीतरी लिहून द्या” असे सांगितले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत; इतिहास म्हटला की मला सनावळ्याच आठवतात आणि त्याही चुकतात. परंतु त्या सुमारास वाचनालयातून आणलेले रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक माझ्या उशाशी होते. ते १९१० साली प्रसिद्ध झाले. २०१२ साली दूरदर्शन संचावर ‘उंच माझा झोका’ ही मालिका लागत असे, तेव्हा आपल्या आळीतल्या सगळ्याजणींना रमाबाई ठाऊक झाल्या. मला मात्र पुस्तक वाचताना रमाबाईंपेक्षा त्यांच्या घरातल्या इतर बायकांचाच विचार जास्त आला. त्यांच्याविषयी लिहिते.

रमाबाई मूळच्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न माधवराव रानड्यांशी झाले. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे, पुण्यात न्यायाधीश, आणि विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे. त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. आता त्यांनी विधवेशीच लग्न करावे अशी स्नेह्यांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि ही अकरा वर्षांची कुमारिका घरात आली. तिला अक्षरओळख नव्हती. माधवरावांनी लग्न होताच तिच्या हाती पाटी दिली.

त्या पाटीने घरात काय झाले ते आपल्यापैकी एकत्र कुटुंबात नांदलेल्या कोणालाही सांगायला नको. घर वडीलधाऱ्या बायकांनी भरलेले. धाकटी सून धडे गिरवते म्हटल्यावर टोमणे सुरू झाले. उघड विरोध करणाऱ्या बायका परवडल्या, पण काहीजणी गोड बोलून सल्ला देत, की नवरा म्हणतो म्हणून लगेच करायचे नसते, जरा टाळत जावे, म्हणजे पुरुष आपोआप कंटाळतात. हा सल्ला मायेचा होता की मत्सराचा? मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, देणारीलाही ते ठाऊक नसेल.

पुढे १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्या तरुण, नुकत्याच विधवा झालेल्या, कडेवर लहान मुलगी आणि जिभेवर संस्कृत. त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि रमाबाई रानडे त्या सभांना जाऊ लागल्या, इंग्रजीही शिकू लागल्या. मग तर घरात विचारू नका. सभेहून आलेल्या सुनेला सोवळ्याच्या कामाला हात लावू द्यायचा नाही, तिच्याशी कोणी मोकळेपणी बोलायचे नाही, आणि भिंतीला ऐकू जाईल असे तिच्याबद्दल बोलायचे. रमाबाई उलट बोलल्या नाहीत. आणि हेही रात्री नवऱ्याला जाऊन सांगितले नाही! आमच्या पिढीला हे साधले असते असे मला वाटत नाही.

आता कोणी म्हणेल, बघा, बाईच बाईची वैरीण, पुरावाच मिळाला. परंतु भगिनींनो, त्या घराच्या स्वयंपाकघरात जरा बसून पाहा. पंगती किती, पाहुणे किती, सोवळ्यात पाणी भरणे, दळणकांडण, सणवार. त्यातून एका सुनेचे दोन हात रोज तास-दोन तास पाटीवर गुंतले, तर तिच्या वाटणीचे काम कोणाच्या अंगावर पडले? माधवरावांच्या अंगावर तर पडले नसणार. म्हणजे मत्सर होताच, पण त्यात कामाचा हिशेबही होता. आणि त्याच घरात माधवरावांच्या भगिनी दुर्गाबाई होत्या. त्या तरुण वयात विधवा झाल्या. भाऊ विधवाविवाहाचा पुरस्कर्ता, तरीही वडिलांनी लेकीचा पुनर्विवाह होऊ दिला नाही. अशा घरात काल आलेल्या पोरीला पाटी, शिकवणी, सभा! जिच्या ताटात काही वाढलेच नाही, तिने शेजारच्या ताटाकडे आनंदाने पाहावे अशी अपेक्षा कोणी करायची? मी तर करणार नाही.

माधवरावांबद्दल मला मोठा आदर आहे. पण एक सांगते. त्यांनी पत्नीला उपदेश केला तो हाच, की घरच्यांचे बोलणे सोसावे, उलट उत्तर देऊ नये. ते दिवसभर कोर्टात न्याय करीत. घरातला हा खटला मात्र त्यांनी सुनेच्या सोसण्यावर सोपवला. वडीलधाऱ्या बायकांना एकदा समोर बसवून ‘तुम्हीही शिका’ असे कोणी म्हटले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मला वारंवार पडतो.

हा प्रश्न मला का पडतो तेही सांगितले पाहिजे. चार वर्षांपूर्वी आपल्याच एका भगिनीने चाळिशीत सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचे ठरवले. तिची-माझी घरे समोरासमोर, शाळाही आम्ही एकाच इयत्तेत सोडलेली. तिने पापड लाटताना ही बातमी सांगितली आणि माझ्या तोंडून सगळ्यांच्या देखत निघून गेले, “आता या वयात काय कलेक्टर होणार आहेस?” सगळ्या हसल्या, तीही हसली. पण त्यानंतर दोन महिने ती मंडळात आली नाही. रमाबाईंचे पुस्तक वाचताना मी स्वतःला रमाबाईंच्या जागी बसवायला गेले, आणि दर पानाला मी सासवा-नणंदांच्या पंगतीत सापडले.

पण पुस्तकात दुसऱ्याही बायका आहेत. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या, आणि पुण्यात त्यांचे नाव घेणेही कठीण झाले. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या बायका मोजक्या, पण होत्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, तेव्हा तो समारंभ पाहायला पंडिताबाई मुद्दाम इंग्लंडहून समुद्र ओलांडून गेल्या. दुसऱ्या वर्षी आनंदीबाई वारल्या. त्यानंतर दोन वर्षांत, १८८९ साली, त्यांचे मराठी चरित्र लिहिले ते काशीबाई कानिटकरांनी. काशीबाई कोणत्याही शाळेत न जाता घरच्या घरी लिहायला शिकलेल्या. आपल्याहून कितीतरी अधिक शिकलेल्या बाईचे चरित्र तिने प्रेमाने लिहावे, याला काय म्हणायचे? मत्सर करायला त्यांना जागा कमी नव्हती. त्याच साली मुंबईत शारदासदन उघडले, त्या सभेच्या अध्यक्षस्थानीही काशीबाईच होत्या. पुढे १८९३ साली शारदासदनावर वादळ उठले आणि माधवरावांसह सल्लागार मंडळी बाजूला झाली. तरीही रमाबाई रानड्यांनी १९१० च्या आपल्या पुस्तकात पंडिताबाईंच्या पुण्यातल्या दिवसांविषयी आपुलकीनेच लिहिले. मला त्याचे फार अप्रूप वाटते.

माधवराव १९०१ च्या जानेवारीत गेले. रमाबाई विधवा झाल्या, म्हणजे ज्या बायकांनी त्यांना टोचले त्यांच्यातल्या कितीतरीजणींच्या ओळीत जाऊन बसल्या. वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मग येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. १९०४ साली मुंबईच्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९०८ साली मुंबईत आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. पुण्याचे तर त्यांच्या राहत्या वाड्यातच, गोपाळराव देवधरांच्या सहकार्याने. तिथे शिकायला आल्या त्या कोण? पुष्कळशा विधवा, टाकलेल्या, घरात नकोशा झालेल्या. म्हणजे त्यांच्या सासरघरी चुलीपुढे बसून धुमसणाऱ्या बायकांसारख्याच. त्यांना लिहायला-वाचायला, शिवायला शिकवले, आणि ससून रुग्णालयात रोग्यांच्या शुश्रूषेचे शिक्षण घ्यायला पाठवले. परक्याच्या अंगाला हात लावायचा, विटाळ-चांडाळ पाहायचा नाही, म्हणून त्यावरही ओरड झालीच. त्या ओरडीत बायकांचे आवाज किती होते याची मला कल्पना आहे. पण आता एकीच्या हाती पाटी नव्हती, शंभरजणींच्या हाती होती, आणि मुख्य म्हणजे पाटीवर बसलेलीच्या पोळ्या कोणी दुसरी लाटत नव्हती. पाळ्या ठरलेल्या होत्या. सोसणारी एक आणि बघणाऱ्या दहा, असा देखावाच तिथे उरला नाही. रमाबाई १९२४ साली वारल्या. पुण्याचे सेवासदन पुढेही चालले.

आपल्या मंडळात भिशी लागते तेव्हा प्रत्येकीचा नंबर येणार हे ठाऊक असते, म्हणून कोणी कोणावर जळत नाही. अध्यक्षपद मात्र एकच असते, आणि दर निवडणुकीनंतर दोन-चारजणी मंडळ सोडतात. हे मी स्मरणिकेत लिहावे की नाही, अशी शंका आहे. चिटणीसबाईंना गाळावेसे वाटले तर त्यांनी गाळावे.

समोरच्या त्या भगिनीचे सांगायचे राहिले. दोन महिन्यांनी मीच तिच्या दारात गेले. माफी मागायचे धाडस झाले नाही, विरजण मागितले. तिच्या टेबलावर बीजगणिताची वही उघडी होती. मार्चमध्ये परीक्षेच्या दिवसांत तिच्या घरच्या पोळ्या मी लाटल्या, रोज वीस. तेव्हा मत्सर मनातून गेला होता असे नाही. पोळ्या लाटताना, ही पास झाली तर, असा विचार येई, आणि नापास झाली तर, असाही येई. निकालाच्या दिवशी ती धावत माझ्याकडेच आली. पास झाली होती. मी तिला जवळ घेतले, डोळ्यांत पाणी आले ते खरेच आले, आणि पहिला प्रश्न मी विचारला, “गणितात किती?”

अडतीस होते.