झाडीपट्टीतला ऑर्गन : नाव तेच, वाद्य दुसरं

आपल्या बालाघाटला लागून गोंदिया आणि तिथून खाली गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत झाडीपट्टी. दिवाळीनंतर धान घरात आलं की त्या गावांत रात्र-रात्र नाटकं चालतात. जाहिरातीत तबल्यासोबत ‘ऑर्गन’ लिहिलेलं असतं. रंगमंचाजवळ जाऊन बघावं, तर अनेकदा विजेवरचा कीबोर्ड निघतो! नाव मात्र जुन्या पायाच्या ऑर्गनचं.

त्या ऑर्गनचा मान मोठा होता. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर, कादरबक्ष सारंगीवर आणि थिरकवाँ तबल्यावर असत. पुष्कळ जण ऑर्गनला मोठी पेटीच समजतात. रीड दोन्हीत पितळीच, पण पेटीचा भाता हवा रीडमधून बाहेर ढकलतो, तर अमेरिकन ऑर्गनचा भाता ती आत ओढून घेतो. त्यामुळे, आणि रीडच्या जिभेला दिलेल्या बाकामुळे, आवाज मऊ, गोल येतो. पेटीसारखा टोचत नाही. भाता पायांवर असल्याने दोन्ही हात वाजवायला मोकळे. गुडघ्याने पट्टी रेटली की आवाज फुगतो. गायक लांबलचक आलापात असताना मागे सूर न तुटता धरून ठेवायला याहून सोयीचं काय असणार?

पुढे 1950 च्या दशकात अमेरिकेत वुर्लिट्झरचा इलेक्ट्रिक पियानो आला. त्यातही रीडच, पण पोलादी. हवेऐवजी हातोडी मारायची आणि ते कंपन विजेने मोठं करायचं. सूर मात्र हळूहळू विरतो, ऑर्गनसारखा टिकत नाही.

कीबोर्ड का आला ते उघड आहे. एकट्याने काखेत मारून नेता येतो, बटण दाबलं की पट्टी बदलते. ऑर्गन उचलायला दोन-चार माणसं लागतात. तक्रार कीबोर्डबद्दल नाही. नाव तेच राहिल्यामुळे मूळ वाद्य गेलं हेच कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि घरातला जुना बाजा कबाडीवाल्याकडे जातो, ही माझी खंत.

कुणाकडे असा बाजा पडून असेल तर भाता फाटला म्हणून टाकू नका. कापड-चामडं नवं लावता येतं, पितळी रीड सहसा शाबूत असतात. मागची फळी काढून कंपनीचं नाव आणि नंबर तेवढा टिपून घ्या. एस्टीसारख्या कंपनीच्या बाजाचं साल त्या नंबरावरून काढता येतं.