दहा लिटरांत किती किलोमीटर? मराठवाड्याची एसटी आणि इंधनबचत

१/ जून १९३२. निजामाच्या हैदराबाद संस्थानात २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू झाली. ती निजाम स्टेट रेल्वेचीच शाखा होती. नांदेड आणि लातूर तेव्हा याच संस्थानात होते.

२/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९६१ मध्ये येथील बससेवा राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली. एसटीच्या कारभारात इंधनासाठी एक मोजमाप रूढ आहे: केपीटीएल, म्हणजे दहा लिटर डिझेलमध्ये गाडीने कापलेले किलोमीटर.

३/ या आकड्याचे मोल १९७३ च्या तेलसंकटाने जगाला पटवले. ऑक्टोबरात अरब देशांनी तेलबंदी जाहीर केली आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. पुढे १९७८ मध्ये इंधनबचतीच्या प्रसारासाठी भारतात ‘पीसीआरए’ ही संस्था स्थापन झाली.

४/ हिशेब उदाहरणाने पाहू. रोज ३०० किमी धावणाऱ्या बसचा केपीटीएल ४५ असेल, तर सुमारे ६६.७ लिटर डिझेल लागते. ४८ असेल, तर ६२.५ लिटर. एका गाडीमागे रोज चार लिटरांहून अधिक फरक. शंभर गाड्यांचा वर्षाचा फरक दीड लाख लिटर!

५/ हे डिझेल जाते कुठे? धुळीने एअर फिल्टर तुंबला की इंजिनाला हवा अपुरी पडते आणि अर्धवट जळालेले इंधन काळ्या धुरावाटे निघून जाते. नोझल खराब झाले की फवारा बिघडतो. टायरमध्ये हवा कमी असली किंवा ब्रेक चिकटत असले, की चाक ओढण्यातच शक्ती खर्ची पडते. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते आटतेही.

६/ आकडा घसरला की बोट प्रथम चालकाकडे वळते. पण त्याच मार्गावर, तेवढ्याच प्रवाशांनिशी, तोच चालक दुसऱ्या गाडीत चांगला आकडा देत असेल, तर दोष गाडीत शोधावा लागतो. नियमित नोंद इंधन वाचवते आणि कष्टकऱ्यावरचा अन्यायही टाळते.

७/ घरच्या मोटारीलाही हीच रीत लागू पडते. टाकी पूर्ण भरावी, किलोमीटर टिपावेत. पुन्हा पूर्ण भरताना कापलेल्या अंतराला भरलेल्या लिटरांनी भागावे. आकडा सतत उतरू लागला, तर आधी टायरची हवा, एअर फिल्टर आणि ब्रेक तपासावेत. आगाराची ही जुनी शिस्त एका वहीत मावते.