जांभळ्या चक्राची फेरी

कानांत घालायला कापूस घ्या. थोडा जास्तच घ्या, परत येईपर्यंत पुरायला हवा. अंगात लोकरीचा स्वेटर आणि त्याच्या आत सुती सदरा असू द्या, कारण आज तुम्ही एकदा कुडकुडणार आहात, एकदा भाजणार आहात आणि घामाने किती वेळा निथळाल याचा हिशेब नाही.

लंडन, १९६७ची अखेर. हे भाड्याच्या घराचं दार ढकला. दचकलात ना? भिंतींवर सगळीकडे चंदेरी अ‍ॅल्युमिनियमचा कागद चिकटवलाय, तोच, पोळ्या गुंडाळायचा. तुमचा चेहरा शंभर सुरकुत्या पडून समोर उभा आहे. ही कारागिरी ख्रिस कर्टिसची. सर्चर्स या गाजलेल्या बँडचा हा माजी ड्रमर, आणि त्याच्या डोक्यात एक भन्नाट योजना घोळतेय: नव्या बँडचं नाव ‘राउंडअबाउट’. जत्रेत लाकडी घोडे गोल फिरतात, ते चक्र. वादकांनी यावं, घोड्यावर बसावं, दोन फेऱ्या माराव्यात, उतरावं. चक्र फिरत राहील. कापड व्यवसायातला टोनी एडवर्ड्स पैसे घालायला तयार झालाय. त्याच घरात राहणारा जॉन लॉर्ड, ऑर्गनवाला, दारात उभा राहून त्या चंदेरी भिंतींकडे बघतोय आणि आपण कुठे येऊन पडलो, याचा अंदाज घेतोय.

गंमत बघा, चक्र नीट सुरू व्हायच्या आत पहिला उतरला तो कर्टिसच. त्याचा घोडा रिकामा, पण कल्पना मात्र तशीच राहिली, आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं ती या लोकांचा पिच्छा सोडणार नव्हती. नाव तेवढं बदललं. गिटारवाल्या रिची ब्लॅकमोरच्या आजीचं एक आवडतं गाणं होतं, ते नाव उचललं: डीप पर्पल. गडद जांभळा.

आता १९६९. हॅनवेलचं कम्युनिटी सेंटर. आपल्याकडच्या एखाद्या वॉर्डातल्या समाजमंदिरासारखी जागा समजा. लाकडी जमिनीतून आवाज तळपायांत चढतो, गुडघ्यांत बसतो. गाणारा लांब केसांचा पोरगा इयान गिलन, बेसवर रॉजर ग्लोव्हर. दोघेही एपिसोड सिक्स नावाच्या बँडमधून उचलून आणलेले. ऑर्गनवर लॉर्ड, गिटारवर ब्लॅकमोर, ड्रमवर चष्मा लावलेला डावखुरा इयान पेस. तुम्हाला वाटेल, काय जमलीय मैफल! जमलीय खरी. पण आज संध्याकाळी हेच तिघे जुना गायक रॉड इव्हान्स आणि जुना बेसवाला निक सिम्पर यांच्यासोबत कार्यक्रमाला उभे राहणार आहेत. त्या दोघांना दिवसाच्या या तालमींचा पत्ताच नाही. तुम्ही त्यांना सांगाल? नका सांगू. कंपन्या अशाच फुटतात. किर्लोस्कर मंडळीतून बालगंधर्व, बोडस आणि टेंबे बाहेर पडले, त्याआधी मंडळीच्या बिऱ्हाडात काय कुजबुज चालली असेल, ती कल्पना करा आणि गप्प बसा.

स्वेटर घाला. मॉन्त्रो, स्वित्झर्लंड, १९७१चा ४ डिसेंबर, शनिवार दुपार.

कॅसिनोच्या सभागृहात शिरताना बाहेरची थंडी कोटाच्या पाठीवर बसून आत येते आणि मिनिटभरात विरघळते. ओल्या लोकरीचा वास, सिगारेटचा धूर, गर्दीचा उबारा. तुम्हाला बसायला हातभर जागा मिळालीय. समोर फ्रँक झॅपा आणि त्याचे मदर्स वाजवतायत. गिलन आणि ग्लोव्हरही प्रेक्षकांत आहेत. उद्यापासून हे सभागृह डीप पर्पलच्या ताब्यात येणार आहे; रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ म्हणजे एक अख्खा ट्रक त्यांनी भाड्याने आणलाय, इथेच नवी तबकडी रेकॉर्ड करायची म्हणून.

वर बघू नका म्हटलं तरी तुम्ही बघणारच. मागून कुणीतरी सिग्नलची पिस्तूल छताच्या दिशेने झाडली. वेत-बांबूने मढवलेलं छत. आधी एक ठिणगी, मग तिच्याभोवती नारिंगी कडं. काही जण हसतात, कारण झॅपाच्या कार्यक्रमात काहीही होऊ शकतं. मग वेताच्या गाठी तडतडायला लागतात, होळीत ओली फांदी टाकली की तडतडते तशा, आणि हसू थांबतं. मंचावरून लोकांना शांतपणे बाहेर पडायला सांगितलं जातंय. तुमच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, तुमचा हात कुणाच्या तरी पाठीवर. मोठाल्या काचा फुटल्याचा आवाज, त्यातून भसकन आत आलेली गार हवा. धुरात खोकत एक माणूस पुन्हा पुन्हा आत जातो, पोरांना ओढून बाहेर आणतो. तो क्लोद नोब्स, इथला जाझ महोत्सव भरवणारा. या गडबडीत एकही जीव जात नाही. झॅपाची वाद्यं मात्र सगळी राख.

बाहेर, तळ्याकाठी, तुमची एक बाजू भाजतेय आणि दुसरी गोठतेय. डोंगरावरून उतरणारा वारा धुराला खाली दाबतो आणि जिनिव्हाच्या तळ्यावर लोटत नेतो. पाणी काळंभोर, त्यावर धुराची राखाडी गोधडी, मधूनच ज्वाळांचं प्रतिबिंब. जळक्या रंगाचा आणि लाकडाचा वास केसांत शिरलाय, तो आठवडाभर जाणार नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांत एका सकाळी ग्लोव्हर अर्धवट झोपेतून उठेल तेव्हा ‘पाण्यावरचा धूर’ या अर्थाचे शब्द त्याच्या ओठांवर असतील. तो गिलनला सांगेल. गिलन म्हणेल, नको, नशापाण्याचं गाणं वाटेल.

सभागृह गेलं, पण ट्रक वाचलाय. गावातलं पॅव्हिलियन नावाचं नाट्यगृह मिळतं. मध्यरात्र उलटलेली. इथे माझ्या मते सगळ्या फेरीतला सर्वांत मजेदार प्रसंग आहे, म्हणून दाराजवळची जागा पकडा. आत ब्लॅकमोर गिटारच्या दोन-दोन तारा बोटांनी एकदम छेडतोय, नखी नाही, बोटं; हे ध्यानात ठेवा, पुढे जगभरची पोरं इथेच चुकणार आहेत. मोजके सूर, लहान मुलालाही तासाभरात जमतील असे. या सुरांना अजून शब्द नाहीत, नावही नाही; ग्लोव्हरचा तो ‘पाण्यावरचा धूर’ पुढे यांच्यावरच चढणार आहे. पेसच्या झांजांची चुरचुर, मग ड्रम, मग बेस, आणि इमारत थरथरायला लागते. शेजारीपाजारी जागे झालेत. बाहेर पोलीस आलेत. दारावर थापा पडतायत, आणि आतून सामान वाहणारी पोरं दाराला खांदे लावून उभी आहेत, हे वादन पूर्ण होईपर्यंत पोलीस आत येऊ नयेत म्हणून! तुम्हीही खांदा लावा. फळीचा प्रत्येक धक्का बरगडीत बसतो. आतला ठेका आणि बाहेरची थाप काही क्षण एकाच मात्रेवर येतात. पुरतं वाजवून झालं, की दार सोडायचं.

अर्थात पॅव्हिलियनमधून हकालपट्टी. शेवटचा आसरा ग्रँड हॉटेल, हिवाळ्यापुरतं बंद पडलेलं. मोठ्या दालनाला लागून असलेल्या बोळात वाद्यं मांडलीत, खोल्यांतल्या गाद्या काढून भिंतींना टेकवल्यात, आवाज घुमू नये म्हणून. धुळकट कापसाचा आणि बंद खोल्यांचा वास. तोंडातून वाफा निघतायत. ट्रक बाहेर उभा आहे. वाजवलेलं ऐकायचं, तर खोल्यांतून, गच्च्यांवरून, बर्फातून जा आणि तसंच परत या. एकदा जाऊन बघा. बोटं इतकी बधिरतात, की परत आल्यावर कपही धरवत नाही. दोन-तीनदा हे झाल्यावर सगळ्यांनी ठरवलं, की ऐकायला जायचंच नाही. बरं वाजलं असं वाटलं, की पुढचं गाणं. ‘मशीन हेड’ या तबकडीला जो रोखठोक, विचार न करता झेप घेतल्यासारखा आवाज आहे, त्याचं बरंच श्रेय मी या थंडगार जिन्यांना देतो. संगीताचे अभ्यासक देत नसतील; त्यांनी एकदा ते जिने चढून बघावेत.

कापूस आणखी आत सरकवा. लंडनचं रेनबो थिएटर, १९७२. ११७ डेसिबल, तीन प्रेक्षक बेशुद्ध पडले आणि गिनीजच्या पुस्तकात जगातला सर्वांत कर्कश बँड म्हणून नोंद झाली. इथे फार थांबू नका. चौथे तुम्ही ठराल.

ओसाका, त्याच वर्षीचा ऑगस्ट. स्वेटर काढा. हवा इतकी दमट आहे, की ती प्यावी लागते. पण प्रेक्षक? नीट इस्त्रीचे शर्ट, मांडीवर हात, गाणं चालू असताना टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. गाणं संपलं की टाळ्यांचा पाऊस, मग पुन्हा शांतता. आपल्या संगीतसभेत घरंदाज श्रोते बसतात तसे. मंचावरून मात्र आवाज वाढवण्याची मागणी होते, तीही अशी, की प्रत्येक वाद्य बाकीच्या प्रत्येक वाद्यापेक्षा मोठं ऐकू यायला हवं. तांत्रिक माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव बघण्यासाठी हा प्रवास केला तरी तिकीट वसूल.

आता डोळे मिटून पुन्हा उघडा. पुन्हा ओसाका, पण १९७३चा २९ जून. तोच दमटपणा, आपल्या कोकणातल्या जूनसारखा. माणसं तीच पाच, आणि तरी काहीतरी बिघडलंय. गिलन आणि ब्लॅकमोर एकमेकांकडे बघत नाहीत. गिलनने कित्येक महिन्यांपूर्वीच पत्र लिहून आपण निघत असल्याचं कळवलंय. तो आज मोजक्या शब्दांत लोकांचा निरोप घेतो. मागे जिन्यात ग्लोव्हर घाम पुसत उभा आहे. त्यालाही जावं लागणार. बाजूने ब्लॅकमोर जातो आणि यात व्यक्तिगत काही नाही, धंद्याचा मामला आहे, अशा अर्थाचं काही बोलून जातो. ग्लोव्हर ही आठवण पुढे कित्येकदा सांगेल. तुम्ही मात्र त्या जिन्यात उभे आहात आणि त्याच्या हातातला टॉवेल बघता आहात. दोन घोडे रिकामे.

ते लगेच भरतात. एक ग्लेन ह्यूज, बेससोबत गाणाराही. दुसरा डेव्हिड कव्हरडेल, समुद्रकाठच्या रेडकारमध्ये कपड्यांच्या दुकानात काम करणारा, फारसा कुणाला ठाऊक नसलेला. आणि नव्या लोकांनी पहिली तबकडी कुठे रेकॉर्ड करावी? मॉन्त्रोतच, तोच ट्रक आणून!

सदऱ्याची बटणं सोडा. कॅलिफोर्निया, १९७४चा ६ एप्रिल, ऑन्टारियोचा मोटारशर्यतीचा मैदानी ट्रॅक. माणसंच माणसं, दोन लाखांवर. धूळ, ऊन, तापलेलं डांबर, सनटॅनचं तेल, कोमट बिअर. पण कार्यक्रम वेळेच्या पुढे धावतोय, आणि ब्लॅकमोर अंधार पडल्याशिवाय यायला तयार नाही. त्याला दिव्यांच्या प्रकाशात वाजवायचंय, करारही तसाच आहे. आयोजक घड्याळ हातात घेऊन त्याच्या मागे लागलेत. तुम्ही जीभ टाळूला चिकटवून वाट बघता. अखेर आकाश जांभळं होतं. (हे बँडने ठरवलं नव्हतं, पण श्रेय घ्यायला हरकत नाही.)

शेवटी शेवटी ब्लॅकमोर टीव्हीच्या कॅमेऱ्यावर गिटारने घाव घालतो. काचेचा चुरा. मग पेट्रोल ओतलेला अ‍ॅम्प्लिफायर भडकतो, अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा. त्या झळेने तुमच्या भुवया आखडतात, तर मंचावर पेसचा चष्मा उडतो. बिचारा आंधळ्यासारखा ठोके देत राहतो. ठेका तुटत नाही.

ब्लॅकमोरही पुढच्याच वर्षी उतरतो. त्याच्या जागी टॉमी बोलिन, अमेरिकन, तेजस्वी आणि नशेने पोखरलेला. लिव्हरपूल, मार्च १९७६: एम्पायर थिएटरमध्ये सूर इतके विस्कटलेत, की कापूस न घालताही काही हाती लागत नाही. कार्यक्रमानंतर चक्र थांबतं. बोलिन त्याच वर्षी ४ डिसेंबरला गेला, २५ वर्षांचा. मॉन्त्रोच्या आगीला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती.

पुढची फेरी वेगात, पोटात ढवळलं तर दांडा धरा. १९८४मध्ये हॅनवेलचेच पाच परत. मग गिलन उतरला, जो लिन टर्नर चढला, टर्नर उतरला, गिलन चढला, ब्लॅकमोर पुन्हा उतरला, स्टीव्ह मॉर्स आला, लॉर्डच्या जागी डॉन एअरी, मॉर्सच्या जागी सायमन मॅकब्राइड. एक घोडा मात्र कधीच रिकामा दिसला नाही. नीट बघा, चष्मा लावून बसलाय.

घरी पोहोचलात. कापूस काढा. कानांत अजून शिटी वाजतेय, केसांना धुराचा वास. तुम्ही ‘मशीन हेड’ लावता, आणि एकदा सवय झाली म्हणून आवाज थोडा जास्तच ठेवता. रात्रीचे साडेअकरा. दारावर थाप पडते. वरच्या मजल्यावरचे काका असणार.

खांदा लावा दाराला. अर्धा मिनिट राहिलाय फक्त.